मोठेबाबांच्या दुकानातली ट्यूब

माझ्या दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला पांढरट, बोटभर रुंद पट्टे आहेत. लग्नानंतर नवऱ्यानं विचारलं तेव्हा लहानपणी भाजलं होतं असं सांगितलं. ते खोटं होतं. नंतर मुलं झाली, पोटावरही पट्टे आले, आणि मग कोणी विचारायचा प्रश्नच उरला नाही. आता साठी जवळ आली आहे आणि खोटं सांगायचा कंटाळा आला आहे. जे झालं त्यातला मोठा वाटा माझ्या थोरल्या बहिणीच्या अंगावर आला, म्हणून लिहिण्याआधी तिला फोन करून विचारलं. शोभाताई म्हणाली, "लिही ना. पन मोठेबाबाले चांगला मानूस करून ठेवू नको." ते मला जमणारही नव्हतं.

आमचं घर अंजनगाव सुर्जीला. रस्त्याच्या बाजूच्या खोलीत मोठेबाबांचं मेडिकल आणि मागे आम्ही आठ जण. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. ते, मोठी आई, त्यांची दोन मुलं. बाबा, आई, ताई आणि मी. बाबांकडे पानपिंपरीचा, म्हणजे औषधी पिंपळीच्या वेलीचा मळा होता. या वेलीला सतत ओल लागते, सावली लागते, त्यामुळे बाबा उन्हाळ्यातही पोटऱ्यांपर्यंत भिजलेले असायचे आणि त्यांच्या अंगाला ओल्या पालापाचोळ्याचा वास यायचा. ते बोलायचे कमी. घरात बोलण्याचं काम मोठेबाबांकडे होतं. अमरावतीला एका डॉक्टरकडे ते बरीच वर्षं कंपाउंडर होते आणि त्या भांडवलावर त्यांनी दुकान टाकलं होतं. भिंतीवर काचेत लावलेलं प्रमाणपत्र दुसऱ्याच माणसाचं होतं. तो महिन्यातून एकदा येऊन सह्या करून, मोठ्या आईच्या हातची कढी पिऊन जायचा. गावातले लोक मोठेबाबांना डॉक्टरसाहेब म्हणायचे. त्यांनी कधी कोणाला दुरुस्त केल्याचं मला आठवत नाही.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. सकाळी शटर वर जाताना भिंत हादरायची. दिवसभर गोळ्यांची पानं कापणारी कात्री कचकच करत राहायची, कूलरचा पंप गुरगुरायचा, आणि बारा वाजले की मोठेबाबा आतल्या दाराशी येऊन नुसतं खाकरायचे. तेवढ्यावर मोठी आई तवा ठेवायची. ज्वारीची भाकर थेट तव्यावरून त्यांच्या ताटात, सोबत तुरीचं घट्ट वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यावर कच्चं तेल. ते जेवून उठेपर्यंत आम्ही बायका भिंतीला टेकून बसायचो. जेवता जेवता ते निकाल द्यायचे. कोणाचा ताप कशाचा, कोणता डॉक्टर चोर, कोणत्या पोरीला किती शिकवायचं. आईच्या गुडघ्यांवरचा औषधोपचार असाच एकदा वरणाचा भुरका मारता मारता ठरला होता. मी हे लिहिताना चिडले आहे हे मला कळतं. चाळीस वर्षांत राग जायला हवा होता, असं माझी सून म्हणते. तिला काय म्हणायचं ते म्हणू दे.

खाज आधी बाबांना आली. कमरेला करदोड्याखाली गोल चट्टा, कडेनं लाल, मधून बरा झाल्यासारखा. गजकर्ण. मळ्यात भिजलेलं धोतर अंगावरच वाळायचं, त्यामुळे होणारच होतं. आमच्याकडे अंग पुसायला आठ जणांत तीन पंचे होते आणि साबणाची एकच वडी. महिन्याभरात आईला झालं, मग मला. मला झालं ते अशा जागी की तोंडानं सांगता येईना. बारावीच्या सायन्सला होते, वर्गात बेंचवर बसवत नव्हतं. सलवारीचं कापड घामानं चिकटायचं आणि मी मांडीवर वही दाबून धरायची. शेवटी आईला सांगितलं, आईनं मोठ्या आईला, मोठ्या आईनं मोठेबाबांना, आणि मोठेबाबांनी दुपारच्या जेवणाला ते सगळ्यांसमोर काढलं.

"इतके दिवस सांगतलं काहून नाई वं? घरात मेडिकल हाय अन् पोट्टी खाजवून रायली!"

त्यांची मुलं हसली. मोठेबाबा दुकानात गेले आणि एक ट्यूब घेऊन आले. खोकं ते आधीच काढून टाकायचे, आतला बारीक अक्षरांचा कागदही. खोक्यात जागा जाते, कागद कोणी वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"तीन दवाया हायेत एकात. जंतूची, बुरशीची अन् खाजेची. चार दिवसांत नाई गेलं तं माह्या नावाचं कुत्रं पाळा."

चार दिवस लागलेच नाहीत. पहिल्याच दिवशी संध्याकाळी खाज थांबली. तिसऱ्या दिवशी लाली गेली. मला तो माणूस देव वाटला, हे कबूल केलं पाहिजे. बाबांचा चट्टा गेला, आईचा गेला. पंधरा दिवसांनी सगळ्यांचे परत आले. या वेळी गोल राहिले नाहीत. वेडेवाकडे पसरले, कडा समजेनात. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा उठाव, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त जागेवर. मोठेबाबा म्हणायचे, "तुमी मधात सोडून देता ना, म्हनून." मग आम्ही सोडायचं बंद केलं. आमच्या घरात दात घासण्याइतकं ते रोजचं झालं.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर ताईखेरीज कोणाशी बोललेले नाही. एकदा आंघोळीनंतर कपडे घालताना मी तिला कमरेजवळची जागा दाखवली आणि म्हटलं, "ताई, पाह्य ना वं, जिथं लावते तिथं गोरं होते." खरंच तिथलं कातडं उजळ आणि गुळगुळीत दिसत होतं. मी गंमत म्हणून बोलले होते. ताई बावीस वर्षांची होती, सावळी होती, आणि दोन ठिकाणांहून नकार आला होता. दुसऱ्यांनी तर स्पष्ट सांगितलं होतं की मुलगी चांगली आहे, पण फोटोत वेगळी दिसली. तिनं माझ्या कमरेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मोठ्या आईला विचारलं, आणि मोठ्या आईनं नवऱ्याला.

"लावू दे ना," मोठेबाबा म्हणाले. "कातडं थे कातडं. मांडीचं काय अन् तोंडाचं काय?"

महिन्याभरात ताईचा चेहरा असा झाला की शेजारणी थांबून पाहायच्या. सावळेपणा उतरला, गालांवर गुलाबी झाक आली, जुन्या पुटकुळ्यांचे डाग नाहीसे झाले. मोठेबाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, माझी पुतणी पाहा. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या किती मुलींनी ती ट्यूब नेली ते मी मोजलं नाही. अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा प्रमोद, डाळमिलमध्ये सुपरवायझर, बाप नाही, आई कडक. आमरस, कुरडया, भजी असा बेत झाला. मोठेबाबा बैठकीत बसून बोलत राहिले, बाबा कोपऱ्यात पंचा हातात धरून बसले. मुलाच्या आईनं ताईची हनुवटी उचलून उजेडाकडे केली, हसली, आणि तिथंच होकार दिला. साक्षगंध पंधरा दिवसांत झालं. लग्न अक्षय्य तृतीयेनंतरच्या मुहूर्तावर धरलं.

साक्षगंधानंतर ताईला ऊन सोसवेनासं झालं. विहिरीपर्यंत जाऊन आली तरी चेहरा तासभर जळायचा. मग गालांवर तांबडे धागे दिसू लागले, पानाच्या उलट्या बाजूला दिसतात तसे, अगदी बारीक, कातड्याच्या लगेच खाली. हनुवटीवर पुरळ उठले. ओठांवर आणि कानांपुढे केस आले. तिनं घाबरून दोन दिवस ट्यूब लावली नाही, तर तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड सुजून लाल, पापण्या जड, तिखटात हात घालून चोळल्यासारखी आग. मोठ्या आईनं आरडाओरडा केला. ट्यूब लावली, तासा-दोन तासांत उतरलं. म्हणजे आता लावलं तरी बिघडणार आणि नाही लावलं तरी बिघडणार. ताई त्या दिवशी पाट्यावर मिरच्या वाटत होती. हात थांबवून मला म्हणाली, "कुंदे, हे औषध नाई. हे दुसरंच काई हाय."

त्याच आठवड्यात माझ्या मांड्यांवर जांभळे पट्टे आले होते. मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, मला एखादा मोठा रोग झाला आहे.

बारावीनंतरच्या कॉलेजची चौकशी करायची आहे असं सांगून आम्ही दोघी एसटीनं अमरावतीला गेलो. ताईनं ओढणीनं डोळ्यांपर्यंत तोंड बांधलं होतं. कातडीच्या डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या, कपाळावर चष्मा, बोलणं तुटक. ताईनं ओढणी सोडली तशा त्या खुर्ची सरकवून जवळ आल्या आणि काहीच न विचारता म्हणाल्या, "कोणती ट्यूब?"

मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती उलटी केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू शिकतेस का?"

"बारावी सायन्सची परीक्षा दिली."

"मग वाच. मोठ्यानं वाच."

पाठीमागे इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. आणखी काय काय होतं. मी अडखळत वाचलं. सहा महिने ती ट्यूब माझ्या हातात होती आणि मी ती कधी उलटी करून पाहिली नव्हती. मोठेबाबांना इंग्रजी येत नव्हतं असं कोणी म्हणेल. येत होतं. औषधांची नावं ते माझ्यापेक्षा भरभर वाचायचे.

बाईंनी समजावून सांगितलं ते असं: यात स्टेरॉइड आहे. ते खाज आणि लाली दाबून टाकतं, आणि अंगाची लढायची ताकदही दाबतं. वरून बरं दिसतं, आत बुरशी मोकळी पसरते. कातडं पातळ होत जातं, म्हणून शिरा दिसतात. मग त्यांनी मला पडद्यामागे नेलं, पट्टे पाहिले आणि म्हणाल्या, "रोग नाही हा. कातडं आतून फाटलंय. रंग जाईल, पट्टे जाणार नाहीत." बुरशीसाठी गोळ्या दिल्या, साधं मलम दिलं, प्रत्येकाचा पंचा वेगळा, कपडे उन्हात वाळवून इस्त्री करा म्हणाल्या. ताईला मात्र त्यांनी समोर बसवलं.

"बंद केलंस की तोंड पेटेल. काही आठवडे, कदाचित काही महिने. औषधानं थोडं सुसह्य करीन, पण पेटणारच. आणि तेव्हा तुला वाटेल, एकदाच लावावं. तेव्हा लावलंस तर पुन्हा पहिल्यापासून."

"मायं लगन हाय," ताई म्हणाली. "वीस दिवसांनी."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि चिठ्ठी लिहीत राहिल्या.

घरी मी सगळं सांगून टाकलं. दुपारचीच वेळ होती, मोठेबाबा जेवत होते. त्यांनी घास थांबवला नाही.

"कातडीचे डॉक्टर लोक असेच सांगतात. त्यायचा धंदा कसा चालन मंग?"

"ट्यूबवर लिहून हाय, मोठेबाबा," मी म्हटलं. "चिठ्ठीशिवाय इकू नये म्हनून."

"तू मले शिकवतं काय?" ताट सरकलं. "तुयी बहीण काळी होती. दोघायनं नाकारली होती. मी तिचं जमवलं. मी! तुह्या बापानं नाई." मग ताईकडे वळून, आवाज खाली आणून, "हे पाह्य शोभा, लगन होऊ दे. तवरक लाव. मंग बंद कर, काय करायचं थे कर. एकदा गळ्यात माळ पडली का मंग तोंड कोन पाह्यते?"

आई म्हणाली, "बरोबर बोलून रायले ते." आईचं हे वाक्य मी माफ केलं आहे, कारण ती कोणत्या भीतीतून बोलली हे मला पुढे कळलं. पण विसरले नाही. बाबा बाहेरच्या पायरीवर बसले होते. त्यांना ऐकू गेलं होतं. ते आत आले नाहीत.

ताईनं त्या दिवसापासून ट्यूब बंद केली. पाचव्या दिवशी तिच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. गाल, कपाळ, हनुवटी भाजल्यासारखे, मध्येमध्ये पिवळे पुरळ, डोळे अर्धे मिटलेले. ती ओला कपडा तोंडावर ठेवून कूलरसमोर बसायची. मोठी आई येता-जाता म्हणायची, "लाव ना वं थोडसं, कायले जीव जाळून रायली?" आठव्या दिवशी ताईनं मला उठवलं आणि म्हणाली, "अकोल्याले चाल." मी विचारलं, कोणाकडे? "ज्याच्याशी लगन हाय त्याच्याकडं."

वैशाखातल्या उन्हात एसटीच्या खिडकीतून गरम वारा येत होता. तिनं ओढणी बांधली नव्हती. बांधलं की जास्त जळतं म्हणाली. समोरच्या बाकावरची बाई आपल्या लेकराला उचलून मागे जाऊन बसली.

डाळमिलच्या फाटकाशी आम्ही थांबलो. तुरीच्या टरफलांची धूळ हवेत होती. प्रमोद बाहेर आला, डोक्यावर रुमाल, भुवया पिवळ्या झालेल्या. त्यानं आधी मला ओळखलं. मग ताईकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे गेला.

"हे काय झालं?"

ताईनं सांगितलं. काही लपवलं नाही. तुम्ही पाहिलं ते तोंड ट्यूबचं होतं, हे ट्यूब सोडल्यावरचं आहे, आणि माझं खरं तोंड सावळं आहे, ते परत यायला वेळ लागेल, शिरा कदाचित राहतील.

त्यानं डोक्यावरचा रुमाल सोडून हातात घेतला. मग म्हणाला, "म्हनजे तुमी लोकायनं आमाले फसवलं."

"हो," ताई म्हणाली. "थेच सांगाले आली."

"मले तुमचा राग नाई. पन मायी माय आयकनार नाई."

"अन् तुमी?"

त्यानं मागे मिलकडे पाहिलं. कोणी हाक मारत नव्हतं. तरी म्हणाला, "मले आत बलावून रायले." आणि गेला.

प्रमोदच्या घरून लग्न मोडल्याचा निरोप दुकानातल्या फोनवर आमच्या आधी पोचला होता. मोठेबाबांनी ताईला शिवी दिली, ती मी इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर गेलं तेव्हा ताई घरातली लोखंडी खुर्ची घेऊन दुकानाच्या पायरीशी बसली. उघड्या तोंडानं. लोक विचारायचे, बाई, काय झालं वं? ती म्हणायची, "याच दुकानातली ट्यूब लावली." एवढंच. भांडण नाही, रडणं नाही. मोठेबाबा आतून ओरडले, बाहेर आले, खुर्चीला लाथ मारली. ती उठून खुर्ची सरळ करून पुन्हा बसली.

लोकांनी तिला डोक्यावर घेतलं असं कोणाला वाटेल. तसं काही झालं नाही. एक बाई तिला तोंडावर म्हणाली, "तुयं जमलं नाई म्हनून आमच्या खाजेची दवाई अडवतं काय?" बरेच जण पाठीमागच्या दारानं ट्यूब नेऊ लागले. पण गल्लीतल्या मुली यायच्या थांबल्या. त्यातल्या दोघी संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन ताईच्या शेजारी बसल्या आणि आपापल्या ओढण्या सोडल्या. त्यांच्याही गालांवर तेच धागे होते.

चौथ्या दिवशी मोठेबाबांनी तिचा दंड धरून तिला ओढलं. बाबा मळ्यातून येत होते. त्यांनी डोक्यावरचा भारा रस्त्यातच टाकला आणि मोठ्या भावाचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा. "दादा, सोड," म्हणाले. "नाई तं मी हात उचलीन." मोठेबाबांनी सोडलं. बाबा तिथंच पायरीवर, ताईच्या पायांशी बसले, धोतरातून पाणी निथळत होतं. त्यांनी धोतराचा काठ वर करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपले चट्टे दाखवले. चारचौघांत बोलता येत नसे, म्हणून दाखवले. त्या आठवड्यात आमची चूल वेगळी झाली आणि आमच्या वाट्याच्या मागच्या दोन खोल्यांकडचं दार विटांनी बुजवलं गेलं.

ताईचा चेहरा निवायला वर्ष गेलं. तिनं डी.एड. केलं आणि पातूर तालुक्यातल्या एका शाळेत लागली. तिथंच राहिली, तिथूनच निवृत्त झाली. लग्न केलं नाही. लोक त्याचं कारण प्रमोदला धरतात. ती म्हणते, "त्याच्यात एवढं काय होतं?" तिच्या गालांवर अजून बारीक लाल धागे आहेत, उन्हात जास्त दिसतात. आजही मी अमरावतीत औषध आणायला जाते तेव्हा कोणीतरी नुसता मोबाइलवरचा फोटो दाखवतं आणि दुकानदार तसलीच ट्यूब पुढे करतो. मी मध्ये बोलते. दुकानदार मला ओळखायला लागला आहे. मी दिसले की तोंड वाकडं करतो.

मोठेबाबा पंच्याऐंशी पार करून गेले. शेवटच्या महिन्यात त्यांनी ताईला बोलावणं धाडलं. मी म्हटलं, जाऊ नको. ती पातूरहून आली. आम्ही दोघी गेलो तेव्हा ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मोठी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. खोलीत फिनेलचा वास होता. त्यांनी न वळता विचारलं, "शोभा आली काय?"

"आली, मोठेबाबा."

"तुयं तोंड आता बरं हाय ना वं?" मग, ती काही बोलायच्या आत, "त्या वक्ती मले काई मालूम नोयतं."

ताईनं खिडकीचा पडदा बाजूला केला. दुपारचं ऊन सरळ तिच्या तोंडावर आलं. ती खाटेच्या दुसऱ्या बाजूला, भिंत आणि खाट यांच्यातल्या फटीत जाऊन उभी राहिली, अगदी त्यांच्या समोर.

"पाहा ना," म्हणाली.

त्यांनी डोळे मिटून घेतले. ती वाट पाहत उभी राहिली. त्यांचा श्वास जोरात चालला होता, ते जागे होते हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "ताई, चाल."

"थांब," ती म्हणाली. "त्यायचं पाहून होऊ दे."